रंगीत स्लाइडवरून कागदी चित्र

पडद्यावर रत्नासारखी झळकणारी रंगीत स्लाइड कागदावर उतरली कीं पुष्कळदां निस्तेज दिसते. यांत छायाचित्रकाराचा दोष क्वचितच असतो. स्लाइडमधून प्रकाश आरपार येतो. कागदावरून तो केवळ परावर्तित होतो. म्हणून स्लाइडमधील उजेड व अंधार यांचें अंतर कागदाच्या आवाक्यांत मावत नाहीं. सावल्या काळ्याकुट्ट होतात, नाहीं तर ढग पांढरेफटक पडतात.

१९६३ सालीं निघालेल्या सिबाक्रोम कागदावरील रंग दीर्घकाळ टिकत; परंतु हें अंतर त्यावर अधिकच तीव्र होई. तेव्हां कुशल कारागीर स्लाइडवर तिचीच फिकी कृष्णधवल निगेटिव्ह ठेवून तें सौम्य करीत. तो कागद आतां बनत नाहीं. तेंच काम स्कॅन केल्यावर संगणकावर होतें. इंचास ४००० बिंदू या प्रमाणानें स्कॅन केलेली ३५ मिलिमीटरची स्लाइड सुमारें १२ बाय १८ इंच आकारांत सुस्पष्ट छापतां येते. मात्र आधीं धूळ हळुवार झटकावी, आणि लहान नमुना छापून तो दिवसाच्या उजेडांत मूळ स्लाइडशीं ताडून पाहावा.

स्लाइडला वेगळी निगेटिव्ह नसते. तीच मूळ व एकमेव प्रत. पुष्कळ जुन्या स्लाइडांचे रंग बंद डब्यांतही विटत जातात. यास्तव घरांतील तो डबा उघडण्यास विलंब न करणें हेंच शहाणपणाचें.