अपघातानंतर मानेची दुखापत कशी ओळखावी

परभणी-गंगाखेड किंवा परभणी-जिंतूर रस्त्यावर मोटार अथवा ट्रॅक्टर उलटला म्हणजे जखमीस ओढून बाहेर काढण्याची घाई होते. परंतु मानेच्या 7 मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मणका मोडला असता मान हलल्यास हातपाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. मानेच्या मध्यभागी वेदना, हातापायांस मुंग्या, बधिरपणा वा अशक्तपणा ही लक्षणे होत. जखमी बेशुद्ध असल्यास मानेस इजा आहे असेच समजावे. आग वा अन्य धोका नसेल तर त्यास हलवू नये. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मान कित्येकदा दुसऱ्या दिवशी आखडते. तेव्हा ती चोळून वा मोडून न घेता डॉक्टरांस दाखवावी.