जेवढं बिघडलं, तेवढंच बदला!

डोळ्यांत चुना उडून दोन्ही बुबुळं पांढरीफटक झालेला एक मजूर. आणि लोखंडाचा तुकडा घुसल्याने एक डोळा काढून टाकावा लागलेला ११ वर्षांचा मुलगा. ७ डिसेंबर १९०५ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी मुलाच्या काढलेल्या डोळ्यातून बुबुळाच्या दोन चकत्या कापल्या आणि मजुराच्या दोन्ही डोळ्यांत बसवल्या. एक फसली, दुसरी टिकली. मजूर पुन्हा कामावर गेला. माणसावरचं पहिलं यशस्वी बुबुळरोपण ते हेच.

त्याआधी हा मान मिळाला होता हरणाला! ईजिप्तमध्ये बेदूइनांच्या कैदेत असलेल्या सॅम्युअल बिगर या डॉक्टरने एका आंधळ्या पाळीव हरणाला दुसऱ्या हरणाचं बुबुळ बसवलं आणि त्याला दिसू लागलं. ही हकीकत १८३७ साली छापून आली.

मृत व्यक्तीचं बुबुळ चालतं, हे ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं आणि नेत्रदानाचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडची पहिली नेत्रपेढी १९४५ सालची, मद्रासची. तेव्हा रोपण म्हणजे पळापळ असे, कारण काढलेला डोळा फार काळ टिकत नसे. १९७४ साली मॅकॅरी आणि कॉफमन यांचं साठवणीचं द्रावण आलं. बुबुळ फ्रिजमध्ये चार दिवस राहू लागलं आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरवता येऊ लागली.

बुबुळाचा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. बिघाड कुठल्याही थरात असो, कितीतरी वर्षं सर्जन आरपार चकतीच बदलत. केसाहून बारीक नायलॉनचे बहुधा १६ टाके, आणि ते वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ डोळ्यात. १९९८ साली नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी फक्त मागचा थर बदलून दाखवला. पुढे ते इतकं पातळ सोलू लागले की रोपायचा थर मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढाच उरला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा हा थर द्रवात टाकला की आपोआप गुंडाळी होऊन बसतो. दिसावा म्हणून त्याला निळा रंग देतात, उलटा बसू नये म्हणून त्यावर खूण करतात, पिचकारीने आत सोडतात आणि हलक्या टिचक्या मारत उलगडतात. तो चिकटवायला टाका नाही. खाली हवेचा बुडबुडा! बुडबुडा वर तरंगतो आणि थराला दाबून धरतो, म्हणून पेशंटने उताणं पडून राहायचं. मला तर या सगळ्या इतिहासात हा बुडबुडाच सर्वांत लाडका वाटतो.

२०१३ साली बुबुळात आणखी एक चिवट थर असल्याचं जाहीर झालं. तो मांडला हरमिंदर दुआ यांनी. काम नॉटिंगहॅमचं, पण डॉक्टरकीचं शिक्षण नागपूरचं! चेन्नईच्या अमर अगरवाल यांनी लगोलग हाच थर सोबत घेऊन नवी रोपणपद्धत काढली. आता तर एका बुबुळाचे पुढचे थर एकाला आणि मागचा थर दुसऱ्याला, असंही करता येतं.

मात्र उसाचं पान किंवा धानाचं कूस लागून डोळ्यात बुरशी खोलवर शिरली तर सगळे थर सडू शकतात; तिथे आजही आरपार चकतीच लागते. आपल्या शेतकऱ्यांसाठी जुनी शस्त्रक्रिया जुनी झालेलीच नाही. अशा वेळी घरगुती थेंब टाकत बसण्यापेक्षा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठलेला बरा.

आणि क्योटोच्या शिगेरू किनोशिता यांनी तर थरही सोडला. दात्याच्या मागच्या थरातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि सुईने डोळ्यात सोडायच्या. त्या खाली बसून बुबुळाला चिकटाव्यात म्हणून पेशंटने तीन तास पालथं झोपायचं. पहिल्या ११ जणांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, २०२३ साली जपानने परवानगी दिली. एका दात्याच्या पेशी यात अनेकांना पुरतात.