पेन्सिलीमागची भोवऱ्यांची रांग

परातीत दोन बोटे पाणी घ्या. ते अगदी स्थिर झाले की त्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा. आता पेन्सिल पाण्यात उभी धरून सरळ रेषेत ओढा. मात्र अगदी संथपणे, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच. पेन्सिल सरळ गेली, पण तिचा माग नागमोडी झाला! नीट पाहा: एक भोवरा डावीकडे, पुढचा उजवीकडे, पुन्हा एक डावीकडे. तुम्ही म्हणाल, माझा हात हलला असेल.

१९११ च्या सुमारास जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठातही असाच संशय घेतला गेला होता. प्रा. लुडविग प्रांट्ल यांचा विद्यार्थी कार्ल हीमेन्झ वाहत्या पाण्यात गोल दांडा ठेवून त्याच्याभोवतीचा दाब मोजत होता. पण दांड्यामागचा प्रवाह काही केल्या स्थिर राहीना. दांडा पुरता गोल नसेल, म्हणून त्याने तो काटेकोर गोल केला. पाण्याचा पाट दोन्ही बाजूंनी सारखा नसेल, म्हणून तोही नीट केला. तरीही तेच! तेथील तरुण शास्त्रज्ञ थिओडोर फॉन कारमान रोज सकाळी प्रवाहाची चौकशी करीत, आणि हीमेन्झ खिन्नपणे सांगे की तो डोलतोच आहे.

कारमान यांच्या मनात आले, दोष उपकरणात नसून हा प्रवाहाचा स्वभावच असेल तर? त्यांनी गणित मांडले. भोवऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर असल्या तर त्या टिकत नाहीत. भोवरे एकाआड एक असले, आणि रांगांमधील अंतर एकाच रांगेतील लागोपाठच्या दोन भोवऱ्यांमधील अंतराच्या सुमारे ०.२८ पट असले, तरच रचना टिकते. फ्रान्समधील आंरी बेनार यांनी असे भोवरे आधीच पाहिले होते. पण रांगेला नाव मिळाले ते कारमान यांचे.

हे भोवरे होतात कसे? दांड्याला लागून वाहणारे पाणी चिकटपणामुळे मंदावते. मागच्या बाजूला दाब वाढत जातो, तेव्हा या मंद थराला पुढे रेटत जाणे जमत नाही. तो दांड्यापासून सुटतो आणि गुंडाळला जातो. एका बाजूचा भोवरा मोठा झाला की तो समोरच्या बाजूचा थर आपल्याकडे ओढतो. त्या थराचे फिरणे उलटे असते. त्यामुळे भोवऱ्याचा पुरवठा तुटतो आणि तो वाहून जातो. मग पाळी दुसऱ्या बाजूची!

वेग, व्यास आणि घनता यांच्या गुणाकाराला विष्यंदितेने, म्हणजे चिकटपणाच्या मापाने, भागले की 'रेनॉल्ड्स अंक' मिळतो. तो सुमारे ४७ च्या खाली असेल तर भोवरे सुटत नाहीत. तुमच्या पेन्सिलीसाठी तो शंभराच्या पुढे जातो.

भोवऱ्यांची लय काढणेही सोपे आहे. वेगाला व्यासाने भागा आणि ०.२ ने गुणा. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा ५ मिलिमीटर जाडीच्या तारेवरून गेला, तर सेकंदाला ४०० आवर्तने होतात. म्हणून तार गुणगुणते. ५ मीटर व्यासाच्या धुराड्यामागे मात्र अडीच सेकंदांना एकच आवर्तन. ही लय धुराड्याच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळली, तर योग्य वेळी ढकललेल्या झोपाळ्यासारखे त्याचे हेलकावे वाढत जातात आणि त्याला धोका पोहोचतो. म्हणूनच काही पोलादी धुराड्यांच्या माथ्याकडे मळसूत्री पट्ट्या बसवलेल्या दिसतात. त्या भोवऱ्यांची शिस्त मोडतात.

तेव्हा परातीतला माग नागमोडी झाला, तर हाताला दोष देण्याची घाई करू नका. पेन्सिल पट्टीच्या कडेने ओढून पाहा. भोवरे तरीही दिसतील!