नव्वद टक्के कशाचे?

जहाजं ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी त्याच्यावर खूश असतात; त्याच्या चुका काढण्याचा पगार मला मिळतो. इन्फ्रारेड कॅमेऱ्याच्या चित्रात जहाज कुठे आहे, कोणत्या जातीचं आहे आणि कुठे चाललंय, हे त्याने आपलं आपण सांगायचं असतं. ‘नव्वद टक्के बरोबर येतं’ असं कोणी म्हणालं, की मी विचारते: किती वाजता? आणि कोणत्या जहाजांवर?

वेळेचा प्रश्न उगाच नाही. हा कॅमेरा उष्णता पाहतो. असे बरेचसे कॅमेरे 8 ते 12 मायक्रॉनच्या लहरी टिपतात, कारण साध्या तापमानाच्या वस्तू याच पट्ट्यात भरपूर उष्णता बाहेर टाकतात. मध्यरात्री मालवाहू जहाजाचं धुराडं पांढरंशुभ्र दिसतं. पण लोखंडी पत्रा उन्हात झटकन तापतो, ऊन उतरलं की झटकन निवतो. समुद्र जवळपास तसाच राहतो. त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी अशी एक वेळ येते, की दोघांचं तापमान जुळतं आणि अख्खं जहाज पडद्यावरून जवळजवळ पुसलं जातं. उरतो धुराड्याचा ठिपका. चाचणीत फक्त मध्यरात्रीची चित्रं वापरली, तर ही अडचण समोर येतच नाही. शिवाय हवेतली वाफ या लहरी शोषते. कोरड्या हवेतला निकाल मुंबईच्या दमट किनाऱ्यावर टिकेलच, असं मी तरी मानत नाही.

जहाजांचा प्रश्न जास्त अवघड. 2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘व्हीएआयएस’ नावाचा चित्रसंच खुला केला: 264 जहाजं, त्यांची 1242 इन्फ्रारेड चित्रं आणि बरीचशी साधी छायाचित्रंही. त्यांनी एक शहाणपणा केला. एका जहाजाची सगळी चित्रं एक तर शिकवण्यासाठी ठेवली, नाहीतर परीक्षेसाठी. दोन्हीकडे वाटली नाहीत. असं केलं नाही तर सरावाचीच प्रश्नपत्रिका परीक्षेत दिल्यासारखं होतं. सॉफ्टवेअर ‘टगबोट’ ही जात शिकत नाही, ती ठरावीक टगबोट पाठ करतं. या कडक परीक्षेत इन्फ्रारेडचे गुण साध्या छायाचित्रांपेक्षा बरेच कमी आले. मला तो निकाल विश्वासार्ह वाटतो. टगबोटीचा रंग, नाव, काचा यांतलं उष्णतेच्या चित्रात फारसं काही उरत नाही. उरते ती आकृती.

माग ठेवण्याची परीक्षा तर आणखी वेगळी. सॉफ्टवेअर प्रत्येक बोटीभोवती चौकट आखून तिला नंबर देतं. समजा, 7 नंबरची मासेमारीची बोट मोठ्या जहाजाआड गेली आणि पलीकडून 12 नंबर घेऊन बाहेर आली. प्रत्येक फ्रेम सुटी तपासली तर चौकट बोटीवर नीट बसलेली, गुण पैकीच्या पैकी. पहारा देणाऱ्याला मात्र एक बोट नाहीशी झालेली आणि एक नवीच उगवलेली दिसते. हे पकडायला आपल्याच बोटीवर जीपीएस लावून ती मुद्दाम दुसऱ्या जहाजाआड न्यावी लागते, आणि खरी वाट पडद्यावरच्या वाटेशी ताडून पाहावी लागते. काम कंटाळवाणं आहे, डिझेलही जळतं, म्हणून अनेकदा टाळलं जातं.

म्हणून मागाच्या अहवालात टक्केवारी मी शेवटी वाचते. आधी दोन आकडे मागते: तासाभरात किती बोटींचे नंबर बदलले, आणि किती लाटांना बोट ठरवलं. हे दोन्ही नसतील तर अहवाल परत पाठवते.