भयपटातील व्यंजना आणि उत्तरभाग

जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’ (१९७८) या भयपटाचा शेवट अर्थविचाराच्या अभ्यासकास उद्बोधक वाटावा. सहा गोळ्या लागून खुनी सज्जावरून खाली कोसळतो. तो बागुलबुवाच होता, असे लॉरी म्हणते. डॉक्टर त्यास दुजोरा देतात आणि खाली डोकावतात, तो हिरवळीवर कोणीच नाही! पुढे पडद्यावर केवळ रिकाम्या खोल्या व घरे दिसतात, आणि मुखवट्याआडचा श्वास ऐकू येत राहतो. ‘तो कोठे आहे?’ याचे उत्तर ‘सर्वत्र’ असे ध्वनित होते. सांगितले मात्र जात नाही. श्रेयनामावलीतही या मुखवटाधाऱ्याचा उल्लेख विशेषनामाने नसून ‘आकृती’ अशा अर्थाच्या सामान्यनामाने केलेला आहे.

अशा शेवटास उत्तरभागाची तजवीज म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो मान्य नाही. येथे अनिश्चितता हाच भयाचा आशय होय. १९८१ च्या उत्तरभागाने खुन्यास लॉरीचा भाऊ ठरविले. नातेवाचक शब्द आला आणि जे व्यंग्य होते ते वाच्य झाले. (बागुलबुवास बहीण असते, हे बालकांसही पटू नये.) २०१८ च्या ‘हॅलोवीन’ने मधले सर्व भाग बाजूस सारले, त्यात हे नाते लोकांनी रचलेली कंडी म्हणून लॉरीची नातच उडवून लावते.