संगणकाची साक्ष

आपल्या संस्थेच्या शिक्षणनिधीकडे यंदा आलेल्या अर्जांत एका मुलीचा अर्ज होता. विषय म्हणून तिने ‘डिजिटल फॉरेन्सिक्स’ असे लिहिले होते. समितीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी चष्मा वर करून विचारले, “म्हणजे मुडदे तपासण्याचे काम ना?” दुसरे म्हणाले, “मुडदे नव्हेत, पोलिसांचे काम. मुलीच्या जातीला कशाला?” ही मुलगी आठवीपासून दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, म्हणून खुलासा करण्याची पाळी माझ्यावर आली. मी केलेला खुलासा अर्धामुर्धाच झाला. तेव्हा चिटणीस महाशय म्हणाले, “मास्तर, हेच नीट समजावून घेऊन स्मरणिकेत लिहा, पुढील वर्षी असे आणखी अर्ज येतील.” हा लेख त्या आज्ञेचे पालन होय. यातील पुष्कळसे ज्ञान मला त्याच विद्यार्थिनीने दिले आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

गुन्ह्याच्या शोधास व न्यायदानास साहाय्य करणाऱ्या विज्ञानास आपल्याकडे न्यायसहायक विज्ञान म्हणतात. रक्ताचे डाग, विष, हस्ताक्षर, बोटांचे ठसे हे त्याचे जुने प्रांत. बोटांच्या ठशांच्या विद्येस आपल्याच देशात व्यवस्थित रूप आले. 1897 साली कलकत्त्यास ठशांचे जगातील पहिले कार्यालय निघाले. ठशांची वर्गवारी करून ते 1024 खणांत लावण्याची गणिती युक्ती काझी अझिझुल हक यांची, आणि हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी. पद्धतीस नाव मात्र हेन्रीसाहेबांचे पडले. संगणक, मोबाईल, कॅमेरे, बँकांची यंत्रे यांच्यात राहिलेल्या खुणा शोधणे, त्या बिघडू न देता जतन करणे आणि त्यांचा अर्थ न्यायाधीशास समजेल अशा भाषेत मांडणे, हा या विज्ञानाचा नवा प्रांत होय.

हा विषय मला का जिव्हाळ्याचा वाटू लागला, ते सांगण्यास संकोच होतो. तथापि सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे एका शिक्षिकेविषयी अत्यंत अभद्र मजकूर मुलांच्या मोबाईलवर फिरला. मुख्याध्यापकांपुढे मोबाईलच्या पडद्याचे एक छापील चित्र आले. त्यावर वर दहावीतील एका मुलाचे नाव, त्याचाच फोटो, आणि खाली तो मजकूर. चौकशीस आम्ही तिघे शिक्षक बसलो. मुलगा रडत म्हणाला, “सर, मी लिहिले नाही.” आम्ही कागदाकडे पाहिले आणि मुलाकडे पाहिले नाही. त्याच्या वडिलांना बोलावून दाखला नेण्यास सांगण्यात आले. त्या कागदावर तीन सह्या आहेत, त्यांपैकी एक माझी.

पुढे हीच विद्यार्थिनी सुट्टीत भेटावयास आली असता सहज विषय निघाला. तिने पहिलाच प्रश्न केला, “सर, ते चित्र कोणाच्या मोबाईलवर काढलेले होते?” मला सांगता येईना. मग तिने माझाच मोबाईल घेतला, तिच्या भावाचा क्रमांक माझ्या यादीत माझ्या एका सहकाऱ्यांच्या नावाने नोंदविला, आणि भावास एक निरोप पाठविण्यास सांगितले. पडद्यावर निरोप आला तो त्या सहकाऱ्यांच्या नावाने! पाठविणाऱ्याचे म्हणून जे नाव आपल्याला दिसते, ते आपणच आपल्या यादीत लिहिलेले असते. आणि फोटो तर कोणीही कोणाचाही लावू शकतो. दोन मिनिटांचे काम. आमच्या चौकशीत तो क्रमांक पाहण्याचे कोणास सुचलेच नव्हते. नंतर खरा प्रकार एका मुलाने स्वतःच कबूल केला. परंतु तोपर्यंत पहिल्या मुलाचे दहावीचे वर्ष दुसऱ्या शाळेत, अनोळखी मुलांत निघून गेले होते.

यास्तव ‘हे पोलिसांचे काम’ असे कोणी म्हटले, की मला ते अपुरे वाटते. अपराध्यास पकडण्याइतकाच निरपराध्यास सोडविण्याचाही या विद्येचा उपयोग आहे.

आता विद्यापीठात हे शिकवितात कसे, ते पाहू. आपल्या देशात या विषयास वाहिलेले विद्यापीठ गुजरातेत गांधीनगर येथे आहे. 2008 च्या कायद्याने ते गुजरात राज्याचे म्हणून स्थापन झाले, आणि 2020 साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झाले. आपणां बेळगावकरांस सोयीची गोष्ट ही, की त्याचा एक परिसर गोव्यात फोंड्याजवळ कुर्टी येथे व दुसरा धारवाडला आहे. महाराष्ट्र शासनाचीही न्यायसहायक विज्ञान संस्था औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, 2009 साली निघाली.

विद्यार्थ्यास पहिला धडा मिळतो तो ‘हात लावू नये’ हा. जप्त केलेली हार्ड डिस्क आपल्या नेहमीच्या संगणकास नुसती जोडली, तरी तो संगणक न विचारता तिच्यावर काही ना काही लिहून ठेवतो. म्हणून वाचू देणारे पण लिहू न देणारे एक उपकरण मध्ये बसवितात, त्यातून डिस्कची कणाकणाने हुबेहूब प्रत काढतात, मूळ वस्तू सीलबंद ठेवतात आणि सारा अभ्यास प्रतीवर करतात. मोबाईलची गोष्ट आणखी नाजूक. तो चालू ठेवून नेला, तर दुरून कोणी त्यातील सर्व माहिती पुसून टाकण्याचा हुकूम पाठवू शकतो. बंद केला, तर पुन्हा उघडताना संकेतशब्दावाचून आतील कुलूप निघत नाही. म्हणून तो चालू ठेवूनच, लहरी आत-बाहेर जाऊ न देणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पिशवीत घालून नेणे अनेकदा श्रेयस्कर ठरते.

प्रत मुळाबरहुकूम आहे हे सिद्ध कसे करावयाचे? येथे गणित साहाय्यास येते. प्रगतिपुस्तकातील गुणांची बेरीज जमली, की आपण आकडे बरोबर धरतो. परंतु एका विषयाचे पाच गुण काढून दुसऱ्यास दिले तरी बेरीज तीच राहते! अशी लबाडी चालू नये म्हणून संगणकात ‘हॅश’ नावाची क्रिया योजतात. कितीही मोठी फाईल असो, तिच्यातून ठराविक लांबीची एक खूण निघते. आज सर्रास वापरली जाणारी एसएचए-256 ही पद्धत 64 अक्षर-अंकांची खूण देते. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम बदलला, तरी सबंध खूण ओळखू येणार नाही इतकी पालटते. मूळ व प्रत यांची खूण तीच निघाली, की प्रत खरी. यातही काळ बदलत असतो. एमडी5 ही जुनी पद्धत 2004 साली आणि एसएचए-1 ही 2017 साली सदोष असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून काल शिकलेले आज तपासून घेण्याची सवय या विद्यार्थ्यांस ठेवावी लागते.

खुणेच्या जोडीला नोंदवही. वस्तू कोणी, कोठून, किती वाजता घेतली, कोणाच्या हाती दिली, याची अखंड साखळी त्या वहीत हवी. हे ऐकताना मला आमच्या हदीस ग्रंथांची आठवण झाली. तेथे प्रत्येक वचनाआधी ते कोणी कोणाकडून ऐकले त्याची साखळी दिलेली असते. तिला इस्नाद म्हणतात. साखळीतील एक माणूस अविश्वसनीय ठरला, की वचन कितीही सुंदर असले तरी ते दुर्बळ मानले जाते. मी हे सांगितले तेव्हा माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्या प्राध्यापकांना हे उदाहरण देते.”

पुसलेली माहिती परत आणणे, हा सामान्य माणसास सर्वांत नवलाचा वाटणारा भाग. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर फाईल पुसली, म्हणजे हजेरीपटातून नाव खोडले इतकेच. मुलगा बाकावर बसलेलाच असतो, त्या जागेवर दुसरा येईपर्यंत. अमेरिकेत गारफिंकल व शेलात या दोघांनी 2000 ते 2002 या काळात बाजारातून वापरलेल्या 158 डिस्क विकत घेतल्या व 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील 129 डिस्कपैकी पुरती स्वच्छ केलेल्या निघाल्या केवळ 12. उरलेल्यांत लोकांचे पत्रव्यवहार, आजारपणाचे कागद, पैशांच्या व्यवहाराचे क्रमांक सापडले. परंतु आजच्या नव्या चिपच्या डिस्क रिकाम्या झालेल्या जागा स्वतःहून साफ करीत असतात, आणि मोबाईलमधील माहिती मुळातच कुलूपबंद असते. म्हणून ‘पुसलेले सारे परत आणून देतो’ अशी पाटी लावणाऱ्यावर भोळा विश्वास ठेवू नये.

सरावासाठी खऱ्या खटल्यातील वस्तू मुलांच्या हाती देता येत नाहीत. त्यासाठी बनावट खटले रचलेले असतात. त्यांपैकी 2009 साली अमेरिकेत रचलेला एक, एका काल्पनिक कंपनीचा, जगभरच्या वर्गांत वापरला जातो. तपासणीचे ‘ऑटोप्सी’ नावाचे सॉफ्टवेअरही फुकट मिळते, ही गरीब विद्यार्थ्यास दिलासा देणारी बाब.

चुका मात्र साध्या गोष्टींत होतात. पुष्कळ यंत्रे वेळ मोजतात ती 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत, आणि तीही ग्रीनिचच्या वेळेनुसार. आपली घड्याळे साडेपाच तास पुढे. नोंदीत सायंकाळचे पावणेसात असतील, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचा सव्वाबाराचा, मध्यरात्रीनंतरचा, सुमार असतो. विद्यार्थ्याने बेरीज विसरली, की घरी झोपलेला मनुष्य बाजारात असल्याचे कागदोपत्री सिद्ध होते!

अहवालाची भाषा हा तर स्वतंत्र विषय. ‘अमक्याने हे पत्र लिहिले’ असे लिहिण्याचा अधिकार परीक्षकास नसतो. ‘या संगणकावर, या नावाच्या खात्यातून, या वेळी ही फाईल तयार झाली’ इतकेच त्याने म्हणावे. खुर्चीवर कोण बसले होते ते अन्य पुराव्याने ठरेल. विद्यापीठात लटके न्यायालय भरवून विद्यार्थ्यांची उलटतपासणी घेतात. आमच्या मुलांना विज्ञानात नव्वद गुण पडतात आणि चार वाक्ये नेमकी लिहिता येत नाहीत, हे मी रोज पाहतो. या क्षेत्रात ती उणीव झाकली जाणार नाही.

कायद्याचा अभ्यास का लागतो, हे जालन्याच्या प्रकरणावरून कळते. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत तेथे अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर 296 मतांनी विजयी झाले. नामनिर्देशनपत्र मुदतीनंतर दाखल झाले की काय, असा वाद उत्पन्न झाला, आणि त्याचा पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितीत. अशा पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते, ते मागूनही मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व 14 जुलै 2020 रोजी निर्णय झाला. मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्याने ते मिळविण्याची सर्व खटपट केली आणि ज्याच्या हाती ते नव्हते, त्यास अशक्याची सक्ती नाही, असे न्यायालयाने म्हटले. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 अन्वये जो नमुना दिला आहे, त्यात ती हॅशची खूण लिहावयाची असते व एक भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्याच दिवसापासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असे ठरविले असून त्यासाठी राज्यांस पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. माणसे लागणार ती यासाठी. सरकारी प्रयोगशाळांखेरीज बँका व हिशेबतपासनीस संस्थाही अशी माणसे घेतात.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. संगणकशास्त्राची पदवी असल्यास या विषयाच्या एम.एस्सी.चा मार्ग सोपा पडतो. परंतु मोठमोठी इंग्रजी नावे देऊन सहा आठवड्यांत ‘तज्ज्ञ’ बनविणारे वर्गही निघाले आहेत. शुल्क भरण्यापूर्वी स्वतः जाऊन प्रयोगशाळा पाहावी, कायदा कोण शिकवितो ते विचारावे. आणि दुसरे : या व्यवसायात लहान मुलांवरील अत्याचारांची चित्रे पाहण्याचाही प्रसंग येतो. तरुण मन त्याने पोळते. मुलगा असो वा मुलगी, हे आधी घरात बोलून घ्यावे. ‘मुलीच्या जातीला कशाला’ हा प्रश्न मात्र मी गैरलागू समजतो. हे काम चिकाटीचे आणि टेबलाशी बसून करावयाचे आहे.

अर्जदार मुलीचे पहिले वर्ष संपले आहे. दुसऱ्या वर्षाच्या शुल्काचा प्रश्न कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीत येईल. सभासदांपैकी कोणास अधिक विचारावयाचे असल्यास, ती सुट्टीत घरी येते तेव्हा संस्थेच्या वाचनालयात बसून सांगण्यास तयार आहे. मी तिला विचारून ठेवले आहे.