रोमन चुना आणि भिलाईची धातुमळी

भिलाई येथील सिविक सेंटर हे पोलाद कारखान्याच्या वसाहतीचे मध्यवर्ती स्थान होय. या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टीतून लोखंडाबरोबर वितळलेली धातुमळीही बाहेर पडते. पाण्याने ती एकदम थंड केली म्हणजे तिचे काचेसारखे रवे होतात. जवळच जामुल येथे १९६५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात हे रवे सिमेंटबरोबर दळले जातात. भट्टीतल्या मळाने भिंत पक्की कशी होते? याचे उत्तर शोधताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमकडे वळावे लागते.

चुनखडी भाजली म्हणजे कळीचा चुना मिळतो. पाणी घालताच तो तापतो, फुलतो व विरतो. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा कठीण होतो. परंतु जाड भिंतीच्या गाभ्यात हवा फार सावकाश पोहोचते, आणि पाण्याखाली नुसता चुना आवळतच नाही.

रोमन गवंड्यांनी यावर उपाय शोधला होता. नेपल्सच्या आखातालगतची ज्वालामुखीची राख ते चुन्यात मिसळीत. समुद्रातील बांधकामासाठी एक भाग चुना व दोन भाग राख घ्यावी, असे व्हिट्रुव्हियस याने इ. स. पू. पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. राखेतील सिलिका व ॲल्युमिना ही बरीचशी काचरूपात असतात. म्हणून ओलाव्यात चुना त्यांच्याशी सहज संयोग पावतो. या क्रियेला हवा लागत नाही. रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट आजही उभा आहे.

जुन्या चुन्यात काय आहे, हे प्रयोगशाळेत कसे कळते? लहानसा नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात टाकला की चुना विरघळतो व वाळू खाली राहते. तिच्या वजनावरून प्रमाण काढता येते. पण वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही विरघळतो आणि हिशेब चुकतो. म्हणून आधी नमुन्याचा अत्यंत पातळ काप घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. क्ष-किरणांनी त्यातील स्फटिक ओळखले जातात. नमुना तापवीत नेला असता प्रथम पाणी व नंतर कार्बन डायऑक्साइड निघून जातो. वजनातील घटीवरून चुना कोणत्या मार्गाने कठीण झाला ते उमगते.

अशा परीक्षणांनी काही समजुती बदलल्या. मेरी जॅक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखविले की, रोमन धक्क्यांच्या काँक्रीटमध्ये झिरपलेल्या समुद्राच्या पाण्यामुळे टोबरमोराइटचे नवे स्फटिक वाढले होते. रोमन चुन्यातील पांढरे खडे पूर्वी निष्काळजीपणाचे लक्षण मानले जात. २०२३ मध्ये ॲडमिर मॅसिक यांच्या गटाने प्रिव्हर्नम येथील भिंतीचे नमुने तपासून वेगळा निष्कर्ष काढला: कळीचा चुनाच तापत असताना कालवला जाई आणि त्यामुळे हे खडे राहत. भेगेतून पाणी शिरले की खडा विरघळतो व तोच चुना पुन्हा साकळून भेग बुजवितो.

आपले गवंडीही हे तत्त्व अनुभवाने जाणत होते. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, ते चुन्यात घालीत आणि बैलांच्या घाणीत मिश्रण मळीत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले आहेत, हेही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. चुन्याच्या जुन्या भिंतीवर कठीण सिमेंट थापले तर आतील ओल कोंडते, क्षार दगडाविटांत साकळतात आणि ज्या भिंतीचे रक्षण करावयाचे तीच झिजते. म्हणून डागडुजीपूर्वी मूळ चुन्याची परीक्षा झाली पाहिजे.

भिलाईच्या धातुमळीतही सिलिका व ॲल्युमिना काचरूपात असतात, शिवाय चुन्याचा अंशही असतो. सिमेंट पाण्यात आवळताना जो चुना सुटतो, तो या काचेला क्रियाशील करतो. भारतीय मानकानुसार धातुमळीच्या सिमेंटमध्ये तिचे प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकते. जितकी मळी वापरावी तितकी चुनखडी भाजावी लागत नाही, आणि तितकाच कोळसा वाचतो. रोमन गवंड्याला राख ज्वालामुखीने दिली. आपल्याला ती झोतभट्टीने दिली आहे.